कापूस गेला, कापड आले



तुमच्यातले पुष्कळजण मुंबईला जाऊन आले असतील. तिथे बंदराच्या कडेने लोकलगाडी जाते. तिच्यावर रे रोड नावाचे स्टेशन आहे. हा रे कोण? लॉर्ड रे. १८८५ ते १८९० या सालांत तो मुंबईचा गव्हर्नर होता.

कुर्ला ते रे रोड हा रेल्वेचा फाटा १९१० साली सुरू झाला. रे रोडच्या शेजारचे स्टेशन कॉटन ग्रीन. कॉटन म्हणजे कापूस. तिथे कापसाच्या गाठींची मोठाली गोदामे होती. एवढा कापूस कुठून यायचा? आपल्या वऱ्हाडातून, खानदेशातून. खामगावच्या कापूस बाजारापर्यंत तर इंग्रजांनी १८७० सालीच रूळ नेले होते.

आगगाडी आली हे वाईट झाले, असे मी म्हणत नाही. आपणही तिच्यात बसतोच की! पण ती कुणाच्या सोयीसाठी आली ते बघा. रेल्वे कंपनीचे भागीदार विलायतेत. त्यांना दरसाल शेकडा ५ नफ्याची हमी सरकारने दिली. नफा कमी पडला तर भरपाई कशातून? तुमच्या आमच्या साऱ्यातून!

कापूस इथून बोटीने जायचा. मँचेस्टरच्या गिरण्यांत त्याचे कापड व्हायचे. तेच कापड परत आपल्या बाजारात. गिरणीच्या स्वस्त कापडापुढे आपल्या कोष्ट्याचा, साळ्याचा माग कसा टिकणार? कित्येकांनी माग सोडला आणि मजुरीची वाट धरली.

आता शेतकऱ्याचे ऐका. १८६१ साली अमेरिकेत यादवी सुरू झाली. तिथला कापूस विलायतेला जाईना. मग आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकार घरी येऊन पैसे देऊ लागला. १८६५ साली लढाई संपली. भाव कोसळले. सावकाराने हात आखडला आणि जुन्या कर्जासाठी तगादा लावला. त्यातच सरकारने कित्येक तालुक्यांत सारा वाढवला. लढाई कुठली, अन् घर कुणाचे बुडाले! शेवटी १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी उठले. त्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. मग हे लोण नगर जिल्ह्यातही गेले.

मिसर देशातही असेच झाले. तिथेही कापूस पिकतो. तेजीत राजाने वारेमाप कर्ज काढले. ते फिटेना. १८८२ साली इंग्रजांनी तो देशच ताब्यात घेतला.

तुम्ही म्हणाल, मुंबईत आपल्याच माणसांनी गिरण्या काढल्या होत्या ना? काढल्या होत्या. पण मँचेस्टरवाल्यांना ते खुपले. त्यांच्या मालावर जकात होती. मग आपल्या गिरणीच्या कापडावरही कर बसवा, अशी त्यांनी ओरड केली. सरकारने १८९६ साली आपल्या कापडावर शेकडा साडेतीन कर लावला. आपल्याच देशात, आपल्याच कापडावर! तीस वर्षांनी, १९२६ साली तो उठला.

विलायती कापड मात्र येतच राहिले. लोक ते अडवू लागले. आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळ गावचा बाबू गेनू मुंबईत गिरणी कामगार होता. १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीत विलायती कापडाने भरलेली मोटार निघाली. बाबू तिच्यापुढे उभा राहिला. मोटार थांबली नाही. त्याच दिवशी त्याने प्राण सोडला.