आहुती कोणाची, फळ कोणाला?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा संक्षिप्त मजकूर)



'हुतात्मा' हा शब्द आपण वर्षातून अनेकदा उच्चारतो. स्मारकापुढे फुले वाहताना, मोर्चाच्या घोषणांत, शोकसभेच्या ठरावांत तो येतो. त्या शब्दामागे कोणत्या धार्मिक कल्पना उभ्या आहेत, आणि त्या आपल्याला उपकारक आहेत की अडचणीच्या, ह्याचा विचार मात्र क्वचितच होतो. मी धर्मशास्त्राचा पंडित नाही. आयुष्यभर अर्थशास्त्र शिकविले असल्यामुळे कोणत्याही व्यवहारात दिले कोणी आणि घेतले कोणी, हे पाहण्याची सवय मला जडली आहे. त्याच सवयीने आजच्या विषयाकडे मी पाहणार आहे.

ख्रिस्ती परंपरेतील 'मार्टर' हा शब्द मूळ ग्रीक. त्याचा अर्थ साक्षीदार. इस्लाममधील 'शहीद' ह्या अरबी शब्दाच्या मुळाशीही साक्षच आहे. श्रद्धा सोड नाहीतर मर, असा पर्याय समोर असता जो मरण पत्करतो तो आपल्या सत्याची साक्ष रक्ताने देतो, ही त्यामागची कल्पना होय. शिखांनी 'शहीद' हा शब्द स्वीकारला, परंतु त्याचा आशय विस्तारला. १६७५ साली दिल्लीत गुरू तेगबहादूर ह्यांचा शिरच्छेद झाला, तो परंपरेनुसार स्वतःच्या पंथासाठी नव्हे, तर काश्मिरी पंडितांच्या म्हणजे दुसऱ्यांच्या धर्मासाठी.

आपला 'हुतात्मा' हा शब्द तुलनेने नवा आहे. सावरकरांनी रूढ केलेल्या शब्दांत तो गणला जातो. त्याची घडण मात्र जुन्या यज्ञकल्पनेतून झाली आहे. हुत म्हणजे अग्नीत अर्पण केलेले. ज्याने स्वतःचीच आहुती दिली तो हुतात्मा. येथे साक्षीचा प्रश्न मागे पडतो आणि यज्ञाचा हिशेब पुढे येतो. यज्ञात आहुतीचे द्रव्य असते, दक्षिणा घेणारा ऋत्विज असतो, आणि ज्याच्या पदरी फळ पडते तो यजमान असतो. आहुतीला काय मिळते? शास्त्रकार म्हणत, पशूला स्वर्ग मिळतो. त्यावर चार्वाकांनी केलेला प्रश्न चौदाव्या शतकातील माधवाचार्यांनी आपल्या सर्वदर्शनसंग्रहात नोंदविला आहे : यज्ञातील पशू जर स्वर्गाला जातो, तर यजमान आपल्या बापालाच का अर्पण करीत नाही? ह्या प्रश्नाची धार अजून गेलेली नाही. आहुती कोणाची आणि फळ कोणाला, हे विचारल्याशिवाय कोणत्याही बलिदानाचा अर्थ लागत नाही.

आता ग्रंथांतून गावात या. महाराष्ट्रात असंख्य खेड्यांत मारुतीच्या नाहीतर महादेवाच्या देवळाजवळ वीरगळ उभे आहेत. खालच्या चौकटीत लढाई, कित्येकदा सोडवून आणलेली गुरे. मधल्या चौकटीत वीराला वर नेणाऱ्या अप्सरा. वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा करणारा वीर. आणि माथ्यावर चंद्रसूर्य. मुंबईत बोरिवलीजवळ एकसर येथील वीरगळांवर तर आरमारी लढाई कोरलेली आहे. मेलास तर स्वर्ग, जिंकलास तर पृथ्वीचे राज्य, असे आश्वासन गीतेत अर्जुनाला दिले आहे. वीरगळ म्हणजे तेच आश्वासन गावच्या पातळीवर दगडात उतरविलेले होय. ह्या वीराने कोणत्याही धर्ममताची साक्ष दिलेली नाही. त्याने गावची गुरे राखली, म्हणजे गावची उपजीविका राखली.

महाराष्ट्रातील बहुतेक वीरगळांवर लेख नाही. कर्नाटकात व तमिळ प्रदेशात मात्र पुष्कळ लेख आहेत आणि ते बोलके आहेत. पडलेल्या वीराच्या कुटुंबाला जमीन दिल्याची नोंद त्यांत आढळते. कन्नडमध्ये ह्या दानाला 'नेत्तरु-कोडगे' आणि तमिळमध्ये 'उदिरप्पट्टि' म्हणत. दोन्हींचा आशय रक्तापोटी दिलेली जमीन असा. मंड्या जिल्ह्यातील आतकूर येथील दहाव्या शतकाच्या मध्यातील लेखात तर रानडुकराशी झुंजून मेलेल्या काळी नावाच्या शिकारी कुत्र्याच्या स्मारकासाठीही जमीन तोडून दिल्याचे नमूद आहे. मराठी राज्यातही लढाईत कामी आलेल्या शिपायाच्या मुलाबाळांना 'बालपरवेशी' देण्याचा प्रघात होता. स्वर्गाचे आश्वासन मेलेल्यासाठी आणि जमीन जगलेल्यांसाठी, अशी ही व्यवस्था होती. तिला आदर्श मानण्याचे कारण नाही. राजाचे ऋण मान्य होत होते ते मुख्यतः शस्त्र धरणाऱ्याचे. दुष्काळात खंगून मेलेल्या कुणब्याचा किंवा वेठीला मेलेल्या महाराचा दगड कोणी उभारला नाही. तथापि एक गोष्ट त्या व्यवस्थेला ठाऊक होती : मरणाऱ्याचे ऋण नुसत्या स्तुतीने फिटत नाही.

वीरगळाच्या शेजारीच पुष्कळदा सतीशिळा असते. खांबातून पुढे आलेला, कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात. वर तेच चंद्रसूर्य. दगड तोच, स्वर्गही तोच. पण ह्या ठिकाणी हिशेब अगदी उलटा होतो. ह्या मरणाने कोणाचीही गुरे सुटली नाहीत. कुळाला प्रतिष्ठा मिळाली आणि विधवेच्या पोटगीचा व वारसाहक्काचा प्रश्न कायमचा मिटला. राजा राममोहन रॉय ह्यांनी १८२२ साली हिंदू स्त्रियांच्या हक्कांच्या संकोचावर निबंध लिहून ह्या मालमत्तेच्या बाजूकडे लक्ष वेधले होते. १८२९ साली कायद्याने बंदी आली. तरीही ४ सप्टेंबर १९८७ रोजी राजस्थानात देवराळा येथे रूपकुंवर ही अवघ्या अठरा वर्षांची मुलगी पतीच्या चितेवर जळाली आणि तिच्या मरणाच्या गौरवासाठी हजारोंचा समुदाय लोटला. त्याच वर्षी केंद्राने केलेल्या कायद्याने सतीचे उदात्तीकरणही गुन्हा ठरविले. त्या उदात्तीकरणाच्या एका खटल्यात ऑक्टोबर २०२४ मध्ये, म्हणजे सदतीस वर्षांनी, जयपूरच्या न्यायालयाने आठ आरोपींना निर्दोष सोडले. जिला नकार देण्याची मुभाच नाही तिचे मरण 'स्वेच्छेचे' म्हणून पूजण्यात बलिदानाची भाषा किती उपयोगी पडते, हे देवराळ्याने दाखवून दिले.

त्याच राजस्थानात बलिदानाची दुसरीही परंपरा आहे. बिश्नोई संप्रदायाच्या परंपरेप्रमाणे १७३० साली जोधपूरच्या राजाला महालाच्या चुन्याच्या भट्ट्यांसाठी लाकूड हवे होते. खेजडली गावची खेजडीची झाडे तोडण्यास त्याची माणसे आली, तेव्हा अमृतादेवी झाडाला मिठी मारून उभी राहिली आणि मारली गेली. तिच्यामागून एकूण ३६३ स्त्रीपुरुषांनी प्राण दिले. वाळवंटात खेजडी म्हणजे गुरांचा चारा आणि दुष्काळातले अन्न. झाड राखणे ही जांभोजींची धर्माज्ञा होती आणि जगण्याची गरजही होती. धर्म आणि उपजीविका एकाच बाजूला, समोर राजाची सत्ता, असे हे मरण होते.

सत्तेपुढे उभे राहून आलेले मरण आणि सत्तेच्या सोयीचे मरण ह्यांतील हा भेद एका बिगरख्रिस्ती समाजातील विचारवंताने फार स्पष्टपणे मांडला आहे, म्हणून थोडे जपानकडे वळतो. १८७४ साली फुकुझावा युकिची ह्यांनी 'गाकुमोन नो सुसुमे' ह्या आपल्या पुस्तकमालेत 'मार्टर' ह्या कल्पनेची चर्चा केली. जपानीत नेमका शब्द नसल्याने त्यांनी परका शब्दच जपानी लिपीत लिहिला. मालकाचे एक सोन्याचे नाणे हरवले म्हणून गळफास घेणारा नोकर आणि धन्यासाठी प्राण देणारे इतिहासातील स्वामिनिष्ठ योद्धे ह्यांच्यात फरक काय, असा त्यांचा प्रश्न होता. दोघांच्या मरणाने समाज पुढे गेला नाही, असे त्यांचे म्हणणे. ह्यावर इतका गदारोळ झाला, की त्यांना टोपणनावाने खुलासा प्रसिद्ध करावा लागला. लोकांच्या हक्कासाठी शस्त्र न धरता सरकारपुढे न्याय मागून मेलेला असा एकच पुरुष त्यांना जपानच्या इतिहासात दिसला : साकुरा सोगोरो.

सोगोरो हा सतराव्या शतकातील कोझू गावचा मुखिया. सरंजामदाराचे कर असह्य झाले तेव्हा त्याने थेट शोगुनपुढे अर्ज केला. असा अर्ज करणे हाच अपराध होता. कथेप्रमाणे कर कमी झाले. परंतु सोगोरोला व त्याच्या पत्नीला वधस्तंभावर चढविण्यात आले आणि मुलांचीही हत्या झाली. समकालीन कागदपत्रांत त्या नावाचा शेतकरी आढळतो. उरलेली कथा नंतरच्या लिखाणातून आली. पण लोकांनी ती पुढे कशी नेली हे महत्त्वाचे आहे. जपानी समजुतीप्रमाणे अन्यायाने मेलेला माणूस स्वर्गात निघून जात नाही; त्याचा कोपलेला आत्मा येथेच राहतो आणि न्याय होईपर्यंत छळतो. होत्ता मासानोबू ह्या सरंजामदाराची जहागीर १६६० साली गेली. लोकांनी तो सोगोरोचा कोप मानला. पुढे अठराव्या शतकाच्या मध्यास ह्याच होत्ता घराण्याने सोगोरोचे देऊळ बांधले. १८५१ साली त्याच्यावरचे नाटक एडो शहरात गाजले. अशा माणसांना जपानी लोक 'गिमिन', म्हणजे न्यायनिष्ठ रयत, असे म्हणतात. पूजेच्या रूपाने का होईना, राज्यकर्त्याला आपला अपराध मान्य करावा लागला.

मित्रहो, ह्या तुलनेतून आपल्यासाठी काय निघते? मुंबईत २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार झाला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शंभराहून अधिक माणसे गेली. आज तेथे कामगार आणि शेतकऱ्याचा मशालधारी पुतळा उभा आहे. त्यांना आपण हुतात्मे म्हणतो ते योग्यच आहे. परंतु ती माणसे सभेला, मोर्चाला, कामाला निघालेली होती. ती मरायला निघाली नव्हती. 'आहुती दिली' ह्या वाक्यात गोळी झाडणारा दिसेनासा होतो. म्हणून 'आहुती' बरोबर 'हत्या' हा शब्दही आपण सोडता कामा नये.

२०२०-२१ साली दिल्लीच्या सीमेवरील आंदोलनात सातशेहून अधिक शेतकरी शहीद झाले, असे शेतकरी संघटनांनी सांगितले. सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये संसदेत उत्तर दिले, की अशी नोंद आपल्याकडे नाही, सबब मदतीचा प्रश्न उद्भवत नाही. दहाव्या शतकात कुत्र्याच्या नावाने जमिनीची नोंद झाली होती, हे ह्या उत्तराच्या शेजारी ठेवून पाहावे.

तेव्हा ज्याला हुतात्मा म्हणावयाचे त्याच्याबाबत तीन प्रश्न विचारण्याची शिस्त आपण लावून घ्यावी. त्याला नकार देण्याची मुभा होती काय? त्याच्या मरणाचे फळ कोणाच्या पदरी पडले? आणि त्याच्या घरच्यांचे आपण काय देणे लागतो? पहिले दोन प्रश्न आपल्याला सतीच्या पुजाऱ्यांपासून आणि धन्यासाठी मरा म्हणणाऱ्यांपासून वेगळे ठेवतील. तिसरा प्रश्न अधिक अवघड आहे, कारण तो आपल्याच संघटनेला लागू पडतो. कोणत्याही लढ्यात कार्यकर्ता गेला, की ठराव होतो आणि तसबीर लागते. त्याच्या पत्नीला काम, मुलांची फी, डोक्यावरचे कर्ज आणि चालू असलेला खटला ह्यांची जबाबदारी कोणाकडे आहे, ह्याची लेखी नोंद प्रत्येक शाखेने ठेवावी आणि दर वर्षी पुष्पहार वाहण्यापूर्वी ती सभेत वाचून दाखवावी, एवढी माझी सूचना आहे.