गर्भाशयाला पिशवी म्हणू नका



पत्रिकेवर माझा विषय ‘अ‍ॅडेनोमायोसिस आणि वंध्यत्व’ असा छापलाय. तो वाचून पुरुषमंडळी घरीच थांबतील असं वाटलं होतं. पण पुढच्या चार रांगा त्यांनीच भरल्यात. पंखे पुढेच आहेत म्हणा! (हशा)

पाळीचं चक्र, बीजकोश, हार्मोन हे सांगत बसत नाही. शाळेत बाईंनी तो धडा ‘घरी वाचा’ म्हणून सोडला, आणि तेवढा एकच धडा आपण सगळ्यांनी घरी वाचला. (हशा)

माझं भांडण एका शब्दाशी आहे: पिशवी. पिशवीला सूज आहे, पिशवी कमजोर आहे, पिशवी काढून टाका. तुम्ही म्हणता, आम्ही डॉक्टरही म्हणतो. पिशवीत काहीतरी ठेवायचं असतं, आणि फाटली की ती टाकायची असते. गर्भाशय मात्र स्नायू आहे. पाळीत तो आवळतो हे बायकांना सांगायला नको. पण एरवीही त्यात बारीक लाटा उठतात. बीज सुटायच्या सुमारास त्या खालून वर जातात, शुक्रजंतूंना हात देतात. मग मंदावतात, म्हणजे गर्भाला निवांत रुजता येतं.

अ‍ॅडेनोमायोसिसमध्ये आतल्या अस्तराच्या पेशी या स्नायूत शिरतात, पावसाळ्यात भिंतीत ओल मुरते तशा. भिंत सुजते, जाड होते, लाटांची लय बिघडते, अस्तर प्रोजेस्टेरॉनला नीट दाद देत नाही. गर्भ रुजायला अडचण, आणि रुजला तरी टिकायची धास्ती.

आता एक आठवण, थोडक्यात. रेसिडेंट असताना काढलेली गर्भाशयं बरणीत घालून पॅथॉलॉजीत पोचवणं माझं काम होतं. जिना उतरताना फॉर्मॅलिननं डोळे चुरचुरायचे. तिथले सर सुरीनं गर्भाशय उभं चिरायचे. निरोगी भिंत गुळगुळीत दिसते. या आजारातली मात्र जाडीभरडी, मधे तपकिरी ठिपके. सर म्हणायचे, ‘बघ, निदान झालं. पेशंटचं गर्भाशय गेलं, आता निदान झालं!’ मग चहा मागवायचे. चहा फार गोड असायचा. असो.

त्या बरणीनंच आम्हाला फसवलं. रोकिटान्स्कीनं १८६०मध्ये या विकाराचं वर्णन केलं, फ्रँकलनं १९२५मध्ये त्याला आजचं नाव दिलं. पण सोनोग्राफी आणि एमआरआय येईपर्यंत खात्रीचं निदान व्हायचं ते काढलेल्या गर्भाशयात. आणि गर्भाशय कुणाचं काढत? चाळिशी ओलांडलेल्या, दोन-तीन मुलं झालेल्या बाईचं. म्हणून पुस्तकांत छापलं गेलं की हा लेकुरवाळ्यांचा आजार. मूल न झालेली सत्तावीस वर्षांची मुलगी त्या बरणीत नव्हतीच! मग तिचं पोटात दुखणं ‘लग्नानंतर थांबेल’ या खात्यात जमा.

व्हेर्चेलिनी आणि सहकाऱ्यांनी २०१४मध्ये आयव्हीएफचे अभ्यास एकत्र करून पाहिले. राहिलेल्या गर्भांपैकी गर्भपात झाले ते हा आजार असलेल्यांत ३१.९ टक्के, नसलेल्यांत १४.१ टक्के. हे आयव्हीएफ घेणाऱ्यांचे आकडे, सरसकट सगळ्यांना लावू नका. या आजारासकट दिवस जाऊन सुखरूप बाळंत झालेल्या बायका आहेत. पण दोनदा गर्भ पडलेल्या बाईला ‘पिशवी कमजोर’ म्हणून घरी धाडणं हे निदान नाही.

तिसऱ्या रांगेत आमचे डॉक्टर मित्र मान हलवतायत. अहो, गर्भाशय कधीच काढू नये असं मी म्हणत नाही. रक्तस्राव थांबत नाही, औषधं थकली, मूल नको आहे, तर मीही काढते. काढायच्या आधी निदान करते, एवढंच! (टाळ्या)

चिठ्ठी आली. ‘पाच मिनिटं.’ उपचारांवर पंधरा मिनिटं ठेवली होती, ती सरांच्या चहात गेली. (हशा) भराभर सांगते. पाळीत मुलगी शाळा-ऑफिस बुडवून पडून राहत असेल, तर ते दुखणं समजा, नखरे नव्हेत. सोनोग्राफीत ‘भिंत कशी आहे?’ हे मुद्दाम विचारा. आयव्हीएफ करणाऱ्यांत काहींना दोन-तीन महिने हार्मोन दाबणारी इंजेक्शनं देऊन, भिंत शांत करून, मग गोठवलेला गर्भ ठेवतात. हमी नाही, पण ‘नशीब’ म्हणण्यापेक्षा बरं.

दुसरी चिठ्ठी. थांबते. शाल-श्रीफळ कापडी पिशवीत घालून देणार असं दिसतंय. तिला पिशवी म्हणायला माझी हरकत नाही.