बुटक्या आणि त्याची आई
(मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या वेळी केलेले भाषण)



आजपर्यंत या सभेत मी सतरंज्या घालण्याचे आणि तिळगूळ वाटण्याचे काम केले. बोलायला उभी राहण्याची ही माझी पहिलीच वेळ. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. त्यामुळे भाषणात काही चुकले-माकले तर सांभाळून घ्यावे. चिटणीसबाई मला म्हणाल्या, "तुमच्या कुत्र्याविषयी बोला." मी म्हटले, "अहो, कुत्र्याविषयी सभेत काय बोलायचे?" तेव्हा त्या म्हणाल्या, "पोस्टाच्या रांगेत उभ्या असताना मला जे सांगितलेत, तेच सगळ्यांना सांगा." म्हणून सांगते.

आमच्या बुटक्याला तुमच्यापैकी पुष्कळजणींनी पाहिलेले आहे. अंग लांबलचक, पाय आखूड, एक कान उभा, दुसरा पडलेला, आणि शेपूट जिलबीसारखी वळलेली. मुले त्याला पाहून हसतात. तो आमच्या घरी कसा आला, ती गोष्ट मात्र हसण्यासारखी नाही.

सन 2022 च्या सप्टेंबरात इंग्लंडची राणी एलिझाबेथ वारली. तिची अंत्ययात्रा टेलिव्हिजनवर दाखवीत होते. विंडसरच्या वाड्यापाशी तिची दोन कुत्री धन्याची वाट पाहत असल्यासारखी उभी होती. आमच्या धाकटीने ते पाहिले आणि तिच्या डोळ्यांना पाणी आले. त्या जातीचे नाव कॉर्गी. ही जात मूळची वेल्स प्रांतातली, गुरे हाकणाऱ्या शेतकऱ्यांची. राणीला अठराव्या वाढदिवसाला, 1944 साली, सुझन नावाची कॉर्गी मिळाली होती आणि तिचाच वंश पुढे वाड्यात वाढला. ही सगळी माहिती धाकटीने शोधून काढली आणि मग "आई, आपण कॉर्गी आणू या" असा एकच धोशा लावला.

घरातले म्हणाले, "माणसांचं भागत नाही, त्यात कुत्रं कशाला?" सासूबाई म्हणाल्या, "आणायचंच तर गल्लीतलं एखादं पिल्लू आणा, पुण्य लागेल." त्यांचे तेव्हा ऐकले असते तर आज मला हे भाषण करावे लागले नसते. पण धाकटी दहावीला होती, आजारातून उठली होती, घरात कुणाशी धड बोलत नव्हती. त्या कुत्र्याचे नाव काढले की तेवढी हसायची. आईचे मन, दुसरे काय!

माझी भिशी त्याच महिन्यात लागली होती. पंचवीस हजार रुपये. ते मी घरघंटी घेण्यासाठी ठेवले होते. चार घरची दळणे घ्यावीत, भाजणी करून विकावी, असा माझा बेत होता. ते पैसे मी काढले. कुणाच्या तरी ओळखीने पुण्याच्या एका माणसाचा नंबर मिळाला. तो म्हणाला, "ताई, अस्सल कॉर्गी आहे. कागद हवे असतील तर दुप्पट पडतील, बिनकागदाचं पंचवीस हजार." मला वाटले, कागद घेऊन आम्हाला काय प्रदर्शनात मिरवायचे आहे? मी विचारले, "घरी येऊन पाहू का?" तो म्हणाला, "घर लांब आहे, तुम्हाला त्रास कशाला? कात्रजला या, मी आणून देतो."

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात आम्ही मायलेकी साताऱ्याहून एस. टी. ने गेलो. कात्रजच्या एका हॉटेलासमोर त्याने पुठ्ठ्याच्या खोक्यातून पिल्लू काढून धाकटीच्या ओंजळीत ठेवले, पैसे मोजून घेतले आणि फटफटीवर बसून निघून गेला. पावती नाही, लसीची चिठ्ठी नाही. भाजी घेताना आपण वांगे चारदा उलटून पाहतो. इथे पंचवीस हजार मोजले आणि एक प्रश्न विचारला नाही.

पाचव्या दिवशी पिल्लाला उलट्या सुरू झाल्या. रात्रीतून रक्ताची हगवण लागली. सकाळी त्याला पदरात गुंडाळून मी गुरांच्या दवाखान्यात नेले. डॉक्टरसाहेबांनी तोंड उघडून दात पाहिले. म्हणाले, "वहिनी, हे दोन महिन्यांचं नाही. दाढासुद्धा पुऱ्या आल्या नाहीत. फार तर पाच-सहा आठवड्यांचं असेल. आईपासून लवकर तोडलंय, लस दिलेली नाही, आणि याला पार्व्हो झालाय." पार्व्हो म्हणजे पिल्लांचा जीवघेणा आजार. पुष्कळ पिल्ले त्यात दगावतात.

पाच दिवस सलाईन चालले. धाकटी शाळेतून थेट दवाखान्यात यायची. ज्या सासूबाई कुत्र्याला दारात उभे करायला तयार नव्हत्या, त्यांनी देवापुढे दिवा लावला. सहाव्या दिवशी पिल्लाने भाताची पेज चाटली. सासूबाई म्हणाल्या, "वाचला गं बुटक्या!" धाकटीने त्याचे नाव प्रिन्स ठेवले होते, पण तेव्हापासून बुटक्या हेच नाव पडले. पुढे धाकटीला कळले की, वेल्सच्या भाषेत कॉर्गी या शब्दाचा अर्थच मुळी 'बुटका कुत्रा' असा सांगतात. सासूबाईंनी नाव बरोबर ठेवले होते!

सहा महिन्यांत बुटक्याचे खरे रूप दिसू लागले. कॉर्गीचे दोन्ही कान ताठ उभे राहतात, अंगावर दाट, दुपदरी केस असतात. याचा एकच कान उभा राहिला, केस आपल्या गावठी कुत्र्यासारखे आखूड, आणि उंची कॉर्गीपेक्षा दोन-तीन बोटे जास्त. डॉक्टरसाहेब हसले. म्हणाले, "आई कॉर्गी असेल, पण बाप आपल्याकडचाच दिसतो. पायांचा आखूडपणा एकाच पालकाकडून आला तरी पिल्लात उतरतो, म्हणून लहानपणी असं पिल्लू ओळखू येत नाही."

घरी एकच गहजब झाला. घरातले म्हणाले, "पंचवीस हजारांना गल्लीतलं कुत्रं घेतलंस." शेजारणी येऊन कान पाहून जात. मला लाज वाटे. मी त्या माणसाला फोन केला, तर माझा नंबर पाहून त्याने उचललाच नाही. बुटक्यावर माझा राग नव्हता, पण घरघंटीचे पैसे मनातून जात नव्हते. शेवटी पुण्याच्या माझ्या भाच्याने आपल्या नंबरवरून गिऱ्हाईक म्हणून फोन केला आणि "घर दाखवाल तरच घेईन" असे अडून पत्ता मिळविला. दुसऱ्या दिवशी मी पुण्याला गेले. चांगले चार शब्द सुनवायचे आणि पैसे परत मागायचे, असे ठरवून गेले.

भगिनींनो, घरामागे पत्र्याची शेड होती. आत लोखंडी पिंजरे. एका पिंजऱ्यात तांबूस-पांढऱ्या रंगाची, आखूड पायांची, ताठ कानांची एक कुत्री पडली होती. आचळे लोंबलेली, पाठीवरचे केस गेलेले. मागचे पाय तिला धड उचलत नव्हते. भाचा विचारू लागला, "हिला किती वेळा पिल्लं होतात?" तो माणूस सहज म्हणाला, "वर्षातून दोनदा." मी पिंजऱ्याजवळ वाकले. तिने माझा पदर हुंगला. सकाळी निघताना मी बुटक्याला कडेवर घेतले होते. ती पदराचे ते टोक हुंगत राहिली, मला वाटते पाचेक मिनिटे तरी. तिने ओळखले की नाही, हे देव जाणे. माझ्या तोंडून पैशांचा शब्द निघाला नाही.

एस. टी. त बसून मी विचार केला. मी फसले हे खरे. पण त्या शेडचे भाडे आणि त्या पिंजऱ्याचे गज माझ्यासारखीच्याच भिशीतून आले ना? मी आधीच "आई दाखवा" म्हटले असते, तर त्या माणसाचा धंदा निदान माझ्या पैशांवर चालला नसता.

भाच्याने पोलीस ठाण्यात आणि प्राण्यांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत अर्ज दिला. तिथे गेल्यावर आम्हाला कळले की, 2017 सालापासून यासाठी सरकारचे नियम आहेत. पिल्लांची पैदास करून विकणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे, आणि आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही. तीन आठवड्यांनी संस्थेची माणसे गेली, तेव्हा शेड रिकामी होती. ती कुत्री कुठे गेली, याचा पत्ता लागला नाही. ही गोष्ट अजून मला टोचते.

बुटक्या मात्र आमच्या घरचाच झाला. कॉर्गीचा मूळ धंदा गुरांच्या टाचांना हलकेच चावून त्यांना हाकण्याचा. तो गुण याच्यात पुरता उतरला आहे. धावणाऱ्या मुलांच्या टाचा धरायची त्याला खोड होती. एकदा शेजारच्या मुलाच्या घोट्याला दात लागून रक्ताचा थेंब आला. शेजारीण हळद आणायला धावली. मी तिला थांबविले, नळाखाली साबण लावून पंधरा मिनिटे पाय धुतला आणि मुलाला तसेच सरकारी दवाखान्यात नेले. बुटक्याला लस दिलेली होती, तरी मुलाची इंजेक्शने पुरी केली. कारण पिसाळीचा रोग एकदा उघड झाला की सहसा माणूस वाचत नाही. चावलेल्या जागी हळद, चुना, तिखट काहीही भरू नये. एवढी एक गोष्ट जरी आज घरी घेऊन गेलात, तरी माझे भाषण कारणी लागले असे मी समजेन.

आता माझ्या अनुभवाच्या चार गोष्टी सांगते. कुत्रे विकत घ्यायचेच असेल, तर आधी त्याची आई पाहा. आई दाखवायला जो टाळाटाळ करतो, त्याच्या दारात पाऊल टाकू नका. नोंदणीचा कागद आणि लसीची चिठ्ठी मागा. पिल्लाला पहिली लस सहा ते आठ आठवड्यांची असताना, पुढे तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवड्यांपर्यंत, आणि पिसाळीची लस तीन महिन्यांनंतर देतात. पुढे दरवर्षी डॉक्टर सांगतील तशी.

लांब पाठीच्या आणि आखूड पायांच्या कुत्र्याची पाठ नाजूक असते. त्याला पलंगावरून उड्या मारू देऊ नयेत. उचलताना एक हात छातीखाली आणि दुसरा मागच्या पायांखाली द्यावा. वजन वाढू देऊ नये. आमचा बुटक्या खादाड आहे आणि त्याला पोळी टाकणाऱ्या सासूबाईच आहेत, त्यामुळे त्या दोघांवर मला लक्ष ठेवावे लागते. कांदा, लसूण, द्राक्षे, बेदाणे आणि चॉकलेट हे कुत्र्याला विषासारखे, हेही ध्यानात ठेवावे. वर्षाचा झाल्यावर त्याची नसबंदी करून घेतली. घरातल्यांना ते आवडले नाही, पण ती शेड पाहून आल्यावर माझे मत पक्के झाले होते.

आणि जातीचा अभिमान बाळगणाऱ्यांना एक सांगते. खुद्द त्या राणीच्या वाड्यातही मिश्र कुत्री होती. तिच्या कॉर्गीचा आणि बहीण मार्गारेटच्या डॅक्सहुंड जातीच्या कुत्र्याचा संबंध आला, आणि झालेल्या पिल्लांना डॉर्गी म्हणू लागले. राणीने तीही कॉर्गींच्या बरोबरीने पाळली. मग साताऱ्याच्या एका गृहिणीने एका कानासाठी का लाजावे?

घरघंटी पुढच्या भिशीत आली. ती सुरू केली की बुटक्या तिच्याभोवती फेऱ्या घालतो, बहुधा ती हाकायचे जनावर आहे असे समजत असावा. धाकटी आता कॉलेजात जाते. घरी आल्यावर दिवसभरातले आधी त्याला सांगते, मग मला. पण सांगते, हे काय थोडे आहे?

गेल्या पावसाळ्यात आमच्या बोळात एका कुत्रीला चार पिल्ले झाली. सासूबाईंचा शब्द मला आठवला. आई समोर होती, पैसे पडणार नव्हते. दोन महिने आम्ही चौघीजणींनी त्या आईला आळीपाळीने खायला घातले, लसी दिल्या आणि तिन्ही पिल्ली चांगल्या घरी दिली. चौथे आपल्या चिटणीसबाईंच्या घरी आहे, म्हणूनच त्यांनी मला हा विषय दिला! पुढच्या पावसाळ्यात पुन्हा पिल्ले दिसतील. ज्यांना कुत्रे हवे असेल त्यांनी मला सांगावे. आधी आई दाखवीन, मगच पिल्लू देईन.