पिकअप घेऊ, पण बघून घेऊ

(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत आमच्या क्षेत्र समन्वयक ताईंनी जे बोलणं केलं, ते इथे देत आहोत.)



मागच्या बैठकीत ठराव झाला की वरच्या वाड्यांचा माल राजूरला न्यायला संघाची स्वतःची जुनी पिकअप घ्यायची. तीही फोर बाय फोर, म्हणजे चारी चाकांना ओढ असलेली. ठराव झाल्यावर एक मावशी मला म्हणाल्या, "पोरी, तू शिकलेली, तूच बघून ये. आम्हाला गाडीतलं काय कळतंय?"

मावशी, मी समाजकार्य शिकले, गाडीकाम नाही. आणि मी एकटी जाणारही नाही. का, ते आधी सांगते.

मी दहावीत असताना माझ्या वडिलांनी जुनी पिकअप घेतली. आईच्या पाटल्या मोडल्या, वर थोडं उसनं घेतलं. गाडीला रंग नवा कोरा, टायर काळेभोर. घरी गाडी आली त्या दिवशी आईने एवढंच विचारलं, "आपल्या नावावर कधी होणार?" सगळे हसले. विकणारा म्हणाला, "वहिनी, आठ दिवसांत." पैसे रोख दिलेले, पावती नाही. अकरा महिन्यांनी भर बाजारात फायनान्सवाले आले. आधीच्या मालकाचे हप्ते थकले होते आणि गाडी कागदावर अजून त्याचीच होती. आमचे टोमॅटोचे क्रेट त्यांनी रस्त्यावर उतरवले आणि गाडी घेऊन गेले. पाटल्या पुन्हा आल्या नाहीत.

आईला गाडीतलं काही कळत नव्हतं. पण खरा प्रश्न तिनेच विचारला होता. म्हणून सांगते, आपल्याला कळत नाही असं म्हणून गप्प बसायचं नाही. हे पैसे दर आठवड्याच्या बचतीचे आहेत.

फोर बाय फोर खरंच लागते का?

चारी चाकांची ओढ फुकट मिळत नाही. अशी गाडी महाग, डिझेल जास्त खाते आणि दुरुस्तीला सुटे भाग जास्त. म्हणून आधी दिवस मोजा. फाट्यापासून वाडीपर्यंतचा कच्चा रस्ता वर्षातले किती दिवस साध्या गाडीला बंद असतो? पंधरा-वीस दिवसच असेल, तर तेवढे दिवस ट्रॅक्टर भाड्याने परवडेल. चार महिने बंद असेल आणि बायका भाताची, भाजीची ओझी डोक्यावर घेऊन फाट्यापर्यंत येत असतील, तर फोर बाय फोरचा खर्च वसूल होईल.

साध्या पिकअपची ओढ फक्त मागच्या चाकांना असते. रिकामी असली की मागचं अंग हलकं, म्हणून चिखलात चाक जागेवरच फिरतं. माल खाली करून परत वाडीवर चढताना गाडी अडकते ती यामुळेच.

दुसरं, माणसं. आपण पिकअपच्या मागे हौद्यात बसून बाजाराला जातो. सगळेच जातात. पण मालगाडीत प्रवासी बसवणं कायद्याला धरून नाही, आणि अपघात झाला तर हौद्यात बसलेल्या बाईला विम्याचे पैसे मिळणं फार अवघड होतं. गाडी संघाची असेल तर भरपाईची जबाबदारी आपल्याच डोक्यावर येईल. म्हणून मालासोबत चार बायकांना जायचं असेल तर दोन ओळी सीट असलेली गाडी बघा. बोलेरो कॅम्परमध्ये ड्रायव्हर धरून पाच जण बसतात, मागे मालाला हौदा राहतो, आणि ती फोर बाय फोरमध्येही निघालेली आहे. हौदा मात्र साध्या पिकअपपेक्षा लहान असतो. आपला माल किती, ते आधी मोजून घ्या.

गाडी बघायला गेल्यावर

सकाळी लवकर जायचं. आदल्या दिवशी फोनवर सांगायचं की आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. गेल्यावर पहिल्यांदा बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर समजा, आधीच चालू करून ठेवली आहे. थंड इंजिन सुरू व्हायला त्रास देतंय का, हेच तर बघायचं असतं.

मग धूर बघा. धुराची पारख तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त आहे! निळसर धूर सतत येत असेल तर इंजिन ऑइल जाळतंय. काळा धूर फार असेल तर डिझेल नीट जळत नाही. गाडी तापल्यावरही पांढरी वाफ थांबत नसेल तर पाणी इंजिनात जात असण्याची शक्यता आहे. ऑइलचं झाकण उघडून आतून बघा. दुधाच्या चहासारखा फेस दिसला, तर ऑइलात पाणी मिसळलं असेल. अशा गाडीचं इंजिन खोलावं लागतं. रेडिएटरचं झाकण मात्र गरम गाडीवर कधीही उघडू नका, भाजतं.

खाली वाकून मोबाइलच्या बॅटरीने चासी बघा. चासी म्हणजे गाडीचा कणा, दोन लांब लोखंडी पट्ट्या. तिथे वेल्डिंगचे जोड, खाल्लेला गंज किंवा फक्त एकाच जागी ताजा काळा रंग असेल तर विचारा, इथे काय झालं होतं? मागचे पाटे मोजा. जास्तीचे पाटे घातले असतील तर गाडीने क्षमतेपेक्षा जास्त ओझं ओढलेलं आहे. मीटरवरच्या किलोमीटरवर विसंबू नका, तो आकडा मागे फिरवता येतो. क्लच-ब्रेकच्या पायपट्टीचं रबर किती झिजलंय, ते बघा.

आता फोर बाय फोर. "चालू आहे" असं सांगतील, पण करून दाखवायला लावायचं. नांगरलेल्या किंवा भुसभुशीत जागेत गाडी न्या, लिव्हर टाकायला सांगा. बाजूला उभं राहून बघा, पुढची चाकंही ओढतात का? लो गिअर लागतो का, लागून टिकतो का, की मध्येच निसटतो? स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवताना पुढच्या चाकातून कटकट आवाज आला तर तिथला जोड झिजलेला असू शकतो. चारी टायर एकाच मापाचे आणि साधारण सारखेच झिजलेले हवेत, नाहीतर फोर बाय फोरच्या गिअरवर ताण येतो. आणि पुढे ड्रायव्हरला बजावून सांगा, कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर बाय फोर लावून चालवायची नाही.

मिस्त्री आपण न्यायचा, त्याची मजुरीही आपणच द्यायची. विकणाऱ्याच्या ओळखीचा मिस्त्री नको. मिस्त्री काय म्हणतो ते वहीत लिहा, दुरुस्तीच्या अंदाजासकट.

कागद

गाडीपेक्षा कागद जास्त वेळ बघायचे. एमपरिवहन ॲपवर गाडी नंबर टाकला की फिटनेस, विमा कधीपर्यंत आहे ते दिसतं. ई-चलनाचा दंड बाकी आहे का तेही तपासा. आरसीवरचा चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी जुळवा. कागद ठेवून वर पेन्सिल घासली की नंबर उमटतो.

आरसीवर बँकेचा किंवा फायनान्सचा बोजा आहे का? एजंट लोक त्याला एचपी म्हणतात. असेल तर फायनान्सची एनओसी आणि फॉर्म 35 हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे द्यायचे नाहीत. माझ्या वडिलांचे पैसे बुडाले ते हे बघितलं नाही म्हणून.

गाडी नावावर करायला फॉर्म 29 आणि फॉर्म 30 लागतात. घेणाऱ्याने 30 दिवसांच्या आत आरटीओला कळवायचं असतं, आणि विमा आपल्या नावावर करायला 14 दिवसांच्या आत अर्ज करायचा. मालगाडीचं पासिंग आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी करावं लागतं. जुन्या गाडीला हा खर्च आणि एक दिवसाचा खाडा दरसाल धरूनच चाला. आरसीवर मालासकट एकूण वजन लिहिलेलं असतं. ते 3,000 किलोपेक्षा जास्त नसेल तर मालवाहतुकीचा वेगळा परवाना लागत नाही.

ड्रायव्हरबद्दलही विचारलं होतं. 7,500 किलोपर्यंतच्या मालगाडीला साधं हलक्या वाहनाचं लायसन चालतं, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर 2024 मध्ये स्पष्ट केलं आहे. म्हणजे आपल्यातल्या कुणी लायसन काढलं तर ती हीच गाडी चालवू शकते. दोघी-तिघी हसताय, पण मी गंमत करत नाही.

आणि गाडी नावावर कुणाच्या? अध्यक्षांच्या मालकांच्या नाही, सचिवांच्या भावाच्या नाही. संघ नोंदणीकृत आहे, गाडी संघाच्याच नावावर होणार. माणसं चांगली आहेत म्हणून कागद कच्चा ठेवला, की आधी माणसंच दुरावतात.

पैसे

आपल्याकडे समजा 5 लाख आहेत. तर गाडी 4 लाखांपर्यंतचीच बघा. उरलेला 1 लाख विमा, नाव बदलणं, टायर, बॅटरी आणि पहिल्या दुरुस्तीसाठी बाजूला. सगळे पैसे गाडीत घातले तर पहिल्याच पावसात ती वाडीत उभी राहील आणि डिझेलला पैसे नसतील.

महिन्याचा हिशोबही मांडू. हप्ता, ड्रायव्हरचा पगार, डिझेल, दुरुस्तीसाठी राखीव. समजा हे सगळं मिळून 32,000 होतं आणि महिन्यात 40 खेपा होतात, तर एका खेपेला 800 रुपये खर्च आला. आज भाड्याच्या गाडीला आपण किती देतो? आकडा जुळत नसेल तर गाडी घ्यायची नाही, हेही ठरवता आलं पाहिजे. ठराव झाला म्हणून गाडी घेतलीच पाहिजे असं नसतं.

पैसे संघाच्या खात्यातूनच जातील, चेकने किंवा बँकेतून. टोकन दिलं तरी पावती, आणि त्यावर लिहून घ्यायचं की कागदात अडचण निघाली तर टोकन परत. गाडी ताब्यात घेताना तारीख आणि वेळ लिहिलेली पावती दोघांच्या सहीने करायची.

आता काम वाटून घेऊ. पाच जणी जाऊ. एकीने इंजिन आणि धूर, एकीने चासी आणि टायर, एकीने कागद, एकीने वही, आणि पाचवीने फक्त विकणाऱ्याकडे बघायचं. त्याने घाई केली, "आज दुसरं गिऱ्हाईक येतंय" म्हणाला, की ती म्हणेल, "बैठकीत विचारून सांगतो." पहिल्याच दिवशी टोकन द्यायचं नाही. किमान तीन गाड्या बघायच्या.

आणि कुठलाही प्रश्न विचारायला लाजायचं नाही. सगळ्यात आधी आईचा प्रश्न विचारायचा, "आमच्या नावावर कधी होणार?" त्यावर जो हसेल, त्याची गाडी तिथेच सोडून चहा पिऊन परत यायचं.

कोण कोण येणार, हात वर करा. मावशी, तुमचा हात पहिला हवा.