आधी पाणी, मग औषध



वेरूळ-अजिंठा आपल्याला ठाऊक आहे, म्हणून मी छत्रपती संभाजीनगरच्या नहरींबद्दल सांगतो. सतराव्या शतकात मलिक अंबरानं डोंगरातलं पाणी जमिनीखालून या शहरात आणलं. आज पैठणला जायकवाडी आहे, पण धरण उशाला आणि कोरड घशाला. नळाला पाणी येतं ते काही दिवसांआड. स्वागताध्यक्षानं असं घरचं गाऱ्हाणं सांगू नये, पण आजचा विषय, नवजात बाळांचा जंतुसंसर्ग, तिथूनच सुरू होतो. बाळाच्या रक्तात शिरणारा जंतू पुष्कळदा कुणाच्या तरी न धुतलेल्या हातावरून आलेला असतो.

पाश्चात्त्य पुस्तकांतून आपण आईकडून बाळाला लागणारा ग्रुप बी स्ट्रेप्टोकॉकस हा जंतू शिकलो. दिल्लीतल्या तीन रुग्णालयांचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला, त्यात मात्र असिनेटोबॅक्टर, क्लेब्सिएला आणि ई. कोलाय पुढे होते. त्यातले बरेच औषधांना दाद न देणारे. सुमारे दोन तृतीयांश संसर्ग पहिल्या ७२ तासांतले. मग हे जंतू आईकडून आले की आपल्या प्रसूतिकक्षातून, हे विचारायलाच हवं.

मराठवाड्यात हा प्रश्न आणखी अवघड होतो. ऊसतोडीच्या फडावरून आलेली, अंगात रक्त नसलेली, दिवस भरण्याआधीच पाणी गेलेली, वाटेत दोन दवाखान्यांत आतून तपासलेली आई आणि तिचं दीड किलोचं बाळ. जोखमीचे घटक स्लाइडवर वेगवेगळ्या ओळींत असतात. घाटी रुग्णालयाच्या दारात ते एकाच रुग्णवाहिकेतून उतरतात.

तरी वाट आहे. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या बायकांनाच आरोग्यदूत केलं. त्या घरोघरी बाळ तपासत, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखत, गरज पडली तर जेंटामायसिन या प्रतिजैविकाचं इंजेक्शन देत. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या त्या प्रयोगात तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचं प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटलं होतं. तिथं नवजात अतिदक्षता कक्ष (एनआयसीयू) नव्हता, होत्या त्या बाळाजवळच्या बायका.

म्हणून पहिलं सत्र परिचारिकांना दिलं आहे. रात्रपाळीत एकीच्या वाट्याला किती बाळं येतात, ते त्या सांगतील. ब्लड कल्चरचा अहवाल हाती यायला इतका वेळ का लागतो, याचं उत्तर प्रयोगशाळेच्या मंडळींनी तयार ठेवावं. भांडण झालं तरी चालेल. जेवण थांबेल, नान-खलिया पुन्हा गरम करता येतो.