मधल्या फळीचा गडी



फुटबॉलच्या खेळांत गोल करणाऱ्याचा जयघोष होतो. परंतु मागच्यांकडून चेंडू घेऊन पुढच्यांस पोंचविणारा मधल्या फळींतील गडी बहुधा दुर्लक्षितच राहतो. अशाच एका गड्याची, क्रोएशियाच्या लुका मॉड्रिच यांची, हकीकत आम्ही आज सांगतों.

त्यांचा जन्म सन १९८५ मध्यें झादर शहरीं झाला. १९९१ सालीं युद्ध पेटलें; ज्या आजोबांचें नांव त्यांस ठेविलें होतें त्यांची हत्या झाली, आणि घरास मुकलेल्या कुटुंबानें झादर येथील हॉटेलांत आसरा घेतला. तेथील आवारांतच बाळ लुका चेंडू खेळे. पुढें हायदुक स्प्लिट संघानें अंगानें फार लहान म्हणून त्यांस नाकारिलें. देह बारीकच राहिला. पण नजर व पाय तयार झाले. २०१२ पासून २०२५ पर्यंत ते रेआल माद्रिदकडे खेळले व युरोपचा विजेता-चषक त्यांनीं सहा वेळां उंचावला. २०१८ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यांत फ्रान्सनें क्रोएशियास ४-२ असें नमविलें. तथापि स्पर्धेंतील सर्वोत्तम खेळाडूचा मान पराभूत संघाच्या ह्या कर्णधारासच मिळाला.

आम्हीही एकदां आमच्या मैदानावर एका किरकोळ अंगाच्या मुलास संघाबाहेर बसविलें होतें. तो पुन्हां आला नाहीं. म्हणून वडीलधाऱ्यांस आमची विनंती आहे कीं, मुलाचें अंग मोजण्यापूर्वीं त्याच्या पायाशीं चेंडू द्या, आणि तो दुसऱ्यास कसा देतो तें पाहा.