एकट्याचा दूरचा प्रवास व नवा धर्मग्राम
(ज्युबिली समारंभात केलेले भाषण)



ज्युबिलीच्या प्रसंगी, जे येथे राहिले व ज्यांनी आपल्या घामाने हे देऊळ उभे केले व राखिले, त्यांचे गुणगान व्हावे हे यथायोग्यच होय. ते कार्य आमच्यापूर्वीच्या वक्त्यांनी उत्तम रीतीने केले आहे. परंतु प्रत्येक धर्मग्रामाच्या बाप्तिस्म्याच्या वहीत अशीही पुष्कळ नावे असतात की, ज्यांचे धनी आज गावात नाहीत. कोणी विद्येसाठी, कोणी नोकरीसाठी, कोणी विवाहामुळे परमुलखी गेले. आम्ही त्यांपैकीच एक. म्हणून देशाच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर बिऱ्हाड हलविताना मनुष्यास एकट्याने जो प्रवास करावा लागतो, त्याविषयी आज चार शब्द बोलावे असे आम्ही योजिले आहे.

वसईच्या मातीस हा विषय नवा नाही. संत गोन्सालो गार्सिया हे याच भूमीत जन्मले, कोवळ्या वयात जेझुइट धर्मगुरूंच्या सोबतीने जपानास गेले, पुढे मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात शिरले आणि 1597 सालच्या फेब्रुवारीच्या 5 तारखेस नागासाकी येथे क्रुसावर हुतात्मा झाले. गोव्याचे संत जोसेफ वाझ हे 1686 साली अवघ्या एका सेवकासह निघाले, मजल दरमजल करीत तुतिकोरिनास पोहोचले व तेथून सिलोनात जाऊन 1711 साली मरेपर्यंत तेथील ख्रिस्ती जनांचे होऊन राहिले. अशा महात्म्यांच्या पंक्तीस बसण्याची आमची योग्यता नाही. त्यांनी प्रभूसाठी गाव सोडले, आम्ही पोटासाठी. तथापि गाव सोडणाराच्या मनाची कालवाकालव सर्वांची सारखीच असते.

आता आमच्या वाटेकडे वळू. दिल्लीहून चेन्नईस जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 48 हा वसईच्या पूर्वभागातून जातो. 2010 साली नवे क्रमांक दिले जाण्यापूर्वी त्याच्या आपल्याकडील भागास आठवा व पुण्याकडील भागास चौथा क्रमांक होता. त्याची एकंदर लांबी 2,800 किलोमीटरांहून किंचित अधिक आहे. ज्या रस्त्याच्या कडेने आपण लहानपणी चालत गेलो, तोच रस्ता न सोडता गेले असता मनुष्य पूर्वसमुद्रास पोहोचतो, ही गोष्ट आमच्या ध्यानात नोकरीची बदली चेन्नईस झाली तेव्हाच आली! घरचे सामान मालमोटारीने पुढे पाठविले. आमची लहान मोटार मात्र आम्ही स्वतः हाकीत न्यावी असे ठरले. सुमारे 1,400 किलोमीटरांची वाट, चार दिवस, आणि बाजूच्या आसनावर केवळ पाण्याची सुरई व जपमाळ.

शुक्रवारी पहाटे निघून ठाण्यावरून पनवेल गाठले व तेथून खंडाळ्याचा घाट चढलो. या घाटमाथ्याची एक थोरवी आहे. तेथवर पडलेला पाऊस आपल्या पश्चिमसमुद्रास मिळतो. माथ्यापलीकडे पडलेला इंद्रायणीत, इंद्रायणीतून भीमेत, भीमेतून कृष्णेत व कृष्णेतून बंगालच्या उपसागरास जातो. खुद्द कृष्णामाई महाबळेश्वरी उगम पावते, तेथून अरबी समुद्र जेमतेम 64 किलोमीटर. परंतु ती त्याकडे पाठ फिरवून सुमारे 1,400 किलोमीटर पूर्वेस चालत जाते. पुढे तीन दिवस आम्हास भेटलेल्या बहुतेक नद्या त्याच दिशेच्या प्रवासिनी होत्या. कऱ्हाडास कोयना, कोल्हापुरास पंचगंगा, बेळगावच्या अलीकडे घटप्रभा, हरिहरास तुंगभद्रा. प्रत्येक पूल ओलांडताना, आपण एकटेच चाललो नाही, अशी एक भावना मनास शिवून जाई.

शुक्रवारची वस्ती कोल्हापुरास व शनिवारची चित्रदुर्गास झाली. निपाणीच्या सुमारास पाट्यांवरील अक्षर कानडी होऊ लागले, पण बोलणे बराच काळ मराठीच राहिले. चित्रदुर्गाच्या खडकाळ टेकड्यांवर पवनचक्क्यांच्या रांगा फिरताना दिसल्या, तेव्हा मात्र आपला मुलूख खरोखरीच मागे पडला असे वाटले.

एकट्याने मोटार हाकणाऱ्या तरुणांसाठी येथे दोन व्यवहाराच्या गोष्टी सांगणे अवश्य आहे. एकट्याचा खरा वैरी घाट नव्हे, तर झोप. मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंत, आणि दुपारच्या जेवणानंतर, शरीर आपल्या स्वभावानेच पेंगते. चहा वा गाणे यांनी ती पेंग थोडा वेळ लांबते, टळत नाही. म्हणून दर दोन तासांनी थांबावे, डोळा जड होताच मोटार सुरक्षित जागी उभी करून घटकाभर निजावे व रात्री वाट चालूच नये. महामार्गावर अडचण आल्यास 1033 व कोणत्याही संकटात 112 हे क्रमांक लक्षात ठेवावे. आणि रोज मुक्कामास पोहोचल्यावर घरच्या एका माणसास तसे कळवावे. ज्याच्या येण्याची कोणी वाट पाहत आहे, तो मोटार जपून हाकतो.

परंतु देहाच्या झोपेहून आम्हास अधिक जाचले ते मौन. पूर्वी प्रत्येक नाक्यावर पैसे मोजताना दोन शब्द होत. मोड नाही म्हणून तंटा का होईना, पण मनुष्याचा आवाज कानी पडे. 2021 सालच्या फेब्रुवारीपासून फास्टॅग सक्तीचा झाला, आणि काचेवरील त्या चिठ्ठीमुळे दांडी आपोआप वर होऊ लागली. वाट दाखविण्यास खिशातील दूरध्वनी आहे, म्हणून गावकऱ्यास रस्ताही पुसावा लागत नाही. या सोयींची आम्ही निंदा करीत नाही. त्यांनी वेळ वाचतो. तथापि आज एखादा मनुष्य तीन राज्ये ओलांडून देशाच्या पार जाईल आणि वाटेत त्यास कोणी ‘तुमचे नाव काय?’ असे विचारणार नाही, ही वस्तुस्थिती आहे. यंत्रास आपल्या मोटारीचा क्रमांक ठाऊक असतो. आपल्या मनाचा ठाव यंत्रास लागत नाही.

रविवारी दुपारी बंगळूरास पोहोचलो. सायंकाळी शिवाजीनगरातील पवित्र मरीयेच्या बॅसिलिकेत गेलो. वांद्र्याच्या डोंगरावरील मातेचा व वेलांकण्णीचा जो सण, तोच सप्टेंबरच्या 8 तारखेचा सण येथेही मोठ्या थाटाने होतो. मिस्सा तमिळ भाषेत चालली होती व आम्हास एक शब्दही कळत नव्हता. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपूर्वी (1962 ते 1965) वसईचा मनुष्य कोठेही गेला तरी त्याच्या कानी तीच लॅटिन पडे. आज प्रत्येक प्रांत आपल्या मातृभाषेत प्रभूस आळवितो, आणि परका मनुष्य प्रथम बावरतो. पण थोड्या वेळाने आमच्या ध्यानात आले की, उठणे, बसणे, गुडघे टेकणे यांचा क्रम तोच आहे, आणि जी सुवार्ता येथे तमिळमध्ये वाचली जात आहे तीच त्या रविवारी आपल्या देवळात मराठीत वाचली गेली असणार. मनातल्या मनात आम्ही आपली मराठी उत्तरे दिली. प्रभूस दोन्ही भाषा समजतात!

सोमवारी होसूर, कृष्णगिरी, वेल्लोर असे करीत, पालार नदीचे रुंद वाळवंट पाहत, आम्ही सायंकाळी चेन्नईस पोहोचलो. परंपरा सांगते की, संत तोमा याच भागी मैलापुरास हुतात्मा झाले. त्यांच्या समाधीवरील सध्याचे देऊळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधले गेले, व 1956 साली त्यास बॅसिलिकेचा मान मिळाला. तेथे गुडघे टेकून आम्ही प्रवास सुखरूप झाल्याबद्दल आभार मानले व प्रवास संपला असे समजलो. बंधुभगिनींनो, तो संपला नव्हता, आणि हेच सांगण्यासाठी आम्ही आज येथे उभे आहोत.

सरकारचा कायदा असा आहे की, एका राज्याची मोटार दुसऱ्या राज्यात 12 महिन्यांहून अधिक राहिली तर तेथे तिची नव्याने नोंद करावी, आणि त्यासाठी जुन्या कचेरीचा ना हरकत दाखला आणावा. आता ख्रिस्तसभेचा नियम पाहा. 1983 सालच्या धर्मविधिसंहितेप्रमाणे, कायम राहण्याच्या हेतूने मनुष्य ज्या धर्मग्रामात येऊन राहतो, त्या धर्मग्रामाचा तो त्याच क्षणी होतो. त्यास कोणाचा ना हरकत दाखला लागत नाही. तीन महिने राहण्याच्या हेतूने आलेल्यासही ती आपले मानते. आणि दुसऱ्या बाजूने, त्याचे बाप्तिस्म्याचे नाव जुन्या गावच्या वहीतून कधीच पुसले जात नाही. तो दूरदेशी विवाह करो की धर्मगुरू होवो, त्याची वार्ता परत त्याच वहीत त्याच ओळीपुढे लिहिली जाते. मायेचे असे दोन पदर जगातील कोणत्या कायद्यात आहेत?

परंतु नियम कागदावर असतो आणि मनुष्य बाकावर एकटा बसलेला असतो. ज्या देवळात आम्ही जाऊ लागलो, तेथे तीन रविवार आमच्याशी कोणी बोलले नाही. कोणाच्या मनी दुष्टावा नव्हता. जो तो आपल्या माणसांत रमलेला होता. चौथ्या रविवारी देवळाच्या एका वृद्ध सेवकाने मोडक्यातोडक्या इंग्रजीत आमचे नाव व गाव विचारले आणि लगेच म्हटले, ‘पुढल्या रविवारी अर्पणाची परडी तुम्ही फिरवा.’ त्याने स्वागताचे भाषण केले नाही. त्याने आम्हास काम दिले. पाहुण्यास कोणी काम सांगत नाही, घरच्यास सांगतात. वसईहून निघालेला आमचा प्रवास त्या दिवशी, त्या परडीपाशी संपला.

म्हणून या ज्युबिलीच्या मंगल समयी आपणापुढे आमची तीन मागणी आहेत. पहिले, जे तरुण बाहेर जातील त्यांस निरोप देताना केवळ भोजन देऊ नका. देवळात बोलावून प्रवासाचा आशीर्वाद द्या व त्यांच्या हाती बाप्तिस्म्याचा दाखला ठेवा. दुसरे, दरवर्षी फेब्रुवारीत संत गोन्सालो गार्सियांच्या सणास गावाबाहेर गेलेल्यांसाठी एक मिस्सा अर्पण करा. तिसरे मागणे सर्वांत अवघड आहे. आता वसईत ठिकठिकाणचे ख्रिस्ती लोक राहावयास येत आहेत. कोणी केरळचे, कोणी मंगळूरचे, कोणी झारखंडचे. मागल्या बाकावर बसून ते आपल्या मराठी मिस्सेत मनातल्या मनात आपल्या भाषेत उत्तरे देत असतील. त्यांस भाडेकरू समजू नका. चौथ्या रविवारची वाट न पाहता पहिल्याच रविवारी त्यांचे नाव विचारा आणि दुसऱ्या रविवारी त्यांच्या हाती परडी द्या. आपली लेकरे परमुलखी ज्या आदराची अपेक्षा करतात, तो प्रथम आपल्या दारी दिसावा.

एम्माऊसच्या वाटेवर दोघा उदास वाटसरूंच्या सोबतीस जो अनोळखी होऊन चालला, तोच प्रभू वाटेवरील प्रत्येक एकाकी जीवाची सोबत करो, आणि आपल्या दारी आलेल्या परक्यात त्यास ओळखण्याची दृष्टी आपणांस देवो, अशी नम्र प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो. आमेन.